पिस्तूल कंपनीतून आलं तसंच असू द्यावं का?

"दादा, पिस्तूल अजून तसंच वापरतोयस? इथं बुलेट गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात सायलेन्सर बदलतात!" कोल्हापूरहून मावसभावानं परवा व्हिडिओ कॉलवर विचारलं. त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

मी ॲरिझोनात, फिनिक्सला राहतो. शहराच्या उत्तरेला बेन एव्हरी नावाची मोठी सरकारी शूटिंग रेंज आहे, तिथं शनिवारी पहाटेच पोहोचतो. उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर पिस्तुलाची लोखंडी स्लाइडसुद्धा, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, हाताला चटके देते. कॉलेजात एनसीसीला पॉइंट टू टू रायफल चालवली होती, तेवढीच ओळख. ग्रीन कार्ड हातात आलं, मग ग्लॉक 17 हे ऑस्ट्रियन कंपनीचं पिस्तूल घेतलं, 9 मिमी व्यासाच्या गोळीचं. आपल्याकडे 9 मिमी हा प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेला व्यास, सामान्य माणसाला मिळतच नाही. इथं मात्र ते दुकानात मांडलेलं असतं आणि शेजारच्या भिंतीवर त्याला लावायच्या सुट्ट्या भागांची पाकिटं टांगलेली असतात. ट्रिगर, स्प्रिंगा, बॅरल, मुठीचे टेप. नवखा माणूस तिथंच अडकतो. मीही अडकलो.

ग्लॉकचा कंपनीचा ट्रिगर साधारण अडीच किलोचा, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागतो. ओढताना थोडा खरखरतो, आणि नेम चुकला की वाटतं, याच्यामुळेच चुकला. मी फायरिंग पिनची, म्हणजे गोळीच्या बुडाला ठोका मारणाऱ्या पिनची, हलकी स्प्रिंग आणली आणि घरीच बसवली. ट्रिगर खरंच लोण्यासारखा झाला. रेंजवर दोनशे गोळ्या सुरळीत गेल्या.

मग आयडीपीए या नेमबाजी संघटनेची मॅच आली. यात 'स्टॉक सर्व्हिस पिस्टल' असा विभाग असतो, रोजच्या वापरातल्या पिस्तुलांसाठी. नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारा कॉम्पेन्सेटर लावून त्यात उतरता येत नाही. तिसऱ्या फेरीत, दुसऱ्या टार्गेटवर, नुसता 'टिक्' आवाज. मॅगझिनच्या बुडावर थाप मारली, स्लाइड ओढली, पुढची गोळी सुटली. दोन टार्गेट पुढं परत 'टिक्'.

फेरी संपल्यावर खाली पडलेली ती गोळी शोधून हातात घेतली. ग्लॉकच्या पिनचा ठसा लांबट चौकोनी असतो, चांगला खोल. उडालेल्या पुंगळ्यांवर तो स्पष्ट होता. या गोळीच्या प्रायमरवर, म्हणजे ठोक्यानं पेटणाऱ्या बुडाच्या टिकलीवर, मात्र नखानं दाबल्यासारखा उथळ खड्डा. त्या दिवशी दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या नेल्या होत्या. त्यांचा प्रायमर जरा कडक आणि माझी स्प्रिंग अशक्त, त्यामुळे पिनचा ठोका कमी पडला. मॅच गेली त्याचं मला फारसं दुःख नाही. पण हेच पिस्तूल रात्री माझ्या घरात, कुलूपबंद पेटीत, गरज पडली तर म्हणून ठेवलेलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ग्लॉकच्या तिन्ही सेफ्टी ट्रिगरशी बांधलेल्या आहेत. एक ट्रिगरच्याच पात्यात, एक फायरिंग पिनला अडवणारी, एक पिस्तूल हातातून पडलं तर गोळी सुटू नये म्हणून. बोट ट्रिगर ओढतं तेव्हा त्या एकामागून एक मोकळ्या होतात. तिथं कानस लावणं म्हणजे केवळ ट्रिगर मऊ करणं नव्हे. पिस्तूल नको तेव्हा सुटू नये म्हणून केलेल्या बंदोबस्तालाच हात घालणं. 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं हे पिस्तूल स्वीकारलं ते याच रचनेसह. यूट्यूबवर पंधरा मिनिटांचा व्हिडिओ पाहून ती रचना सुधारायला निघणं मला आता अजिबात पटत नाही.

म्हणून काहीच बदलू नये असंही मी म्हणत नाही. डोळ्याला आणि तळहाताला जे लागतं, ते बेलाशक बदला. कंपनीच्या साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, प्लॅस्टिकच्या असतात. मी पुढची लाल फायबरची लावली, आणि म्हातारपणाकडे झुकलेल्या माझ्या डोळ्यांना ती लगेच सापडते. माझा पंजा लहान आहे. 2010 पासून ग्लॉकच्या मुठीला मागून लावायचे वेगवेगळ्या जाडीचे तुकडे पेटीतच येतात, म्हणजे ही सोय कंपनीनंच करून ठेवली आहे. कित्येक जण तो तुकडा पेटीतून बाहेरही काढत नाहीत आणि ट्रिगर मात्र विकत आणतात.

ऑलिंपिकच्या खेळातही तसंच. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सोनं जिंकलं. या प्रकारात लाकडी मूठ तळहाताच्या मापानं घासून घेतात, पण ट्रिगरला 1000 ग्रॅमची खालची मर्यादा असते आणि ती वजन टांगून तपासतात.

स्प्रिंग काढली, मूळची घातली. ट्रिगर किटच्या पैशात पाच-सहाशे गोळ्या येतात, त्या आणल्या. त्या संपेपर्यंत अडीच किलोची खरखर बोटाला जाणवेनाशी झाली. घरी रोज रात्री दहा मिनिटं, पिस्तूल दोनदा रिकामं तपासून आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीवरच्या ठिपक्यावर ड्राय फायर करतो, म्हणजे नेम धरून नुसता ट्रिगर ओढतो. नेम त्यानंच सुधारला.

गेल्या महिन्यात नागपूरचा एक नवा मुलगा रेंजवर भेटला, हातात तेच ट्रिगरचं पाकीट. मी त्याला माझ्या खिशातली ती न उडालेली गोळी दाखवली. त्यानं ती बराच वेळ उलटसुलट करून पाहिली. सध्या त्याच्या पिस्तुलावर फक्त पुढची साइट नवी आहे.