मिरजेत जवारी काढायला शिकताना

मिरजेतील ज्या कारखान्यात मी तीन वर्षे तंबोऱ्याचे काम शिकलो, तेथे पहिले दीड वर्ष मला घोडीला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीला, हात लावू दिला नव्हता. भोपळे घासणे, दांडीला पॉलिश करणे आणि खुंट्या बसवणे एवढेच माझ्याकडे होते. लाकूडकामाचे रीतसर शिक्षण घेऊन आल्यामुळे मला तो वेळ वाया जातो आहे असे वाटे. आज तसे वाटत नाही.

मला मिळालेले घोडीचे पहिले काम एका गायिकेच्या जुन्या तंबोऱ्याचे होते. त्याच्या घोडीवर सांबरशिंगाची पट्टी होती आणि तारांनी तिच्यात खोल खाचा पाडल्या होत्या. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नवे शिंग वापरता येत नाही, म्हणून मी आबनुसाच्या लाकडाची पट्टी घेतली. परंपरेला धक्का लागू नये या काळजीने जुन्या पट्टीचा उतार मापून हुबेहूब तसाच नवीत उतरवला आणि तारा चढवल्या, तर आवाज अगदी बंद आला.

उस्तादांनी जुनी पट्टी बोटाने चाचपून पाहिली आणि म्हणाले, "अरे, तू झीज उतरवलीस. हिचा मूळ आकार कधीच गेलाय." इतकी वर्षे तारांनी जे खाल्ले होते, तेच मी कारागिरी समजून जपायला निघालो होतो.

मग खरे काम सुरू झाले. तंबोऱ्याची तार घोडीवर एका बिंदूवर टेकत नाही. ती किंचित उतरत्या पृष्ठभागाला झुलताना स्पर्श करत राहते, आणि त्या स्पर्शातून स्वरांचे ते भरलेले गुंजन उठते; यालाच जवारी म्हणतात. म्हणून कानशीचे दोन हलके हात मारायचे, पॉलिश पेपर फिरवायचा, तार चढवून सुरात लावायची, तिच्याखालचा सुताचा दोरा केसभर पुढेमागे सरकवायचा आणि ऐकायचे. जोडाच्या, म्हणजे एकाच सुरात लावलेल्या मधल्या दोन तारा तिसऱ्या दिवशी बोलू लागल्या. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या, जाड पितळी तारेने मात्र आठवडा घेतला, कारण तिला वेगळा उतार लागतो आणि एक हात जास्त पडला की सगळे पुन्हा करावे लागते. आबनूस शिंगाहून मऊ असल्याने तारा त्यात लवकर रुततात; त्यासाठी तंबोरा आठ दिवस तारा चढवून तसाच ठेवला आणि मग शेवटचा हात फिरवला.

शिंगाऐवजी लाकूड वापरल्याची खंत मी उस्तादांजवळ बोललो, तेव्हा त्यांनी आपल्या मूळ धंद्याची आठवण दिली. मिरजेचे हे कारागीर पूर्वी शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, होते. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी घटल्यावर फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्ये हाती घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र कानशीचा हात कुठे थांबवायचा हे ज्यांचा कान जाणतो, अशा माणसांसमोर बसायला नवी मुले आली पाहिजेत, ही माझी खरी तळमळ आहे.

गायिका आल्या, त्यांनी दोरा स्वतः थोडा सरकवला आणि बराच वेळ नुसत्या छेडत राहिल्या. काही महिन्यांनी खाचा दिसू लागतील, तेव्हा पुन्हा घेऊन या, असे मी त्यांना सांगितले.