कॅप्टन डॉक्टर आणि त्यांचं घर

स्मरणिकेत मुख्याध्यापकांवर आणि देणगीदारांवर बरेच जण लिहितील. मी लिहितोय ते शाळेच्या पगारपत्रकावर कधीच नसलेल्या माणसाबद्दल. दरवर्षी जुलैत मुलांचे दात तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना अख्खं गाव 'कॅप्टन' म्हणायचं.

१९७१ च्या युद्धात सैन्याच्या डेंटल कोअरमधून त्यांची नेमणूक फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये झाली होती. फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे गाडी नव्हे, आघाडीच्या मागे तंबूत चालणारं वैद्यकीय पथक. तिथे दाढदुखीबरोबर फुटलेले जबडेही येतात. युद्धाच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत, पण तिथलं एक ज्ञान पी.टी.च्या सरांना मात्र घोटवून घेतलं: हनुवटीकडचा जबडा तुटला असेल तर माणसाला उताणं झोपवू नका. जिभेचा पुढचा आधार गेलेला असतो, ती मागे पडून श्वास कोंडते. मान-पाठ शाबूत असेल तर पुढे झुकवून बसवा, नाहीतर कुशीवर घ्या, म्हणजे रक्त-लाळ बाहेर वाहील.

बैलाची लाथ, मोटारसायकलवरून पडणं, यातले साधे जबडे ते दवाखान्यातच तारेने बांधत. स्टीलची मऊ तार आधी थोडी ताणून घ्यायची, नाहीतर बांधल्यावर ढिली पडते. वरचे-खालचे दात चार ते सहा आठवडे जखडलेले, खाणं म्हणजे पेज, ताक, वरणाचं पाणी. घरी जाताना पेशंटच्या उशाशी ठेवायला तार कापायची पक्कड द्यायचे. उलटी झाली आणि तोंड उघडलं नाही, तर जीव जातो.

दवाखाना घराच्या ओसरीवर. विजेचं यंत्र होतं, पण भारनियमनामुळे पायाने चालवायचं जुनं ड्रिलच जास्त फिरायचं. लेकीकडे हत्यारं उकळायचं काम. पाण्यात थोडा धुण्याचा सोडा, म्हणजे पोलादाला गंज धरत नाही, आणि उकळी फुटल्यापासून वीस मिनिटं. मध्येच एखादा चिमटा टाकला, की पुन्हा पहिल्यापासून वीस. मुलगा खलात दातात भरायची चांदी घोटायचा: पाच भाग चांदीच्या मिश्रधातूचा चुरा, आठ भाग पारा, मग जास्तीचा पारा कातड्यातून पिळून काढायचा. पारा जास्त राहिला तर भरलेली चांदी कच्ची राहते, भरताना लाळ लागली तर पुढे फुगते. त्या काळी पुष्कळ जण ती तळहातावर मळत. कॅप्टनांच्या घरात पाऱ्याला बोट लावायची कुणाची हिंमत नव्हती.

पण खरी कारागीर काकू. मागच्या पडवीत रॉकेलच्या स्टोव्हवर त्या कवळ्या शिजवायच्या. साचा ओतताना प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. तसं केलं तर गुठळ्या होतात, बुडबुडे अडकतात. ॲक्रिलिकची पूड तीन मापं, द्रव एक माप, भांड्यावर झाकण. आधी ते ओल्या वाळूसारखं दिसतं, मग तार सुटते, मग गोळा भांड्याची कड सोडतो. तो क्षण साचा भरायचा. आधी भरलं तर पुरेसं दाबलं जात नाही, उशीर केला तर दात जागचे हलतात. साचा थंड पाण्यात ठेवून हळूहळू तापवायचा: ७४ अंशांवर दोन तास, मग उकळत्या पाण्यात एक तास. घाई केली की आतला द्रव उकळून जाड भागात बारीक छिद्रं पडतात. आणि साचा गरम असताना उघडला तर कवळी वाकते, म्हणून तो त्याच पाण्यात निवू द्यायचा. गावात नाव डॉक्टरांचं झालं. कवळ्या मात्र काकूंच्या होत्या, आणि कॅप्टन हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

शाळेतल्या तपासणीत त्यांचं सगळं लक्ष एकाच दाढेवर असे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ उगवते. आधी काही पडलेलं नसतं, म्हणून आयांना ती दुधाचीच वाटते आणि 'पडेलच की' म्हणून कीड तशीच सोडली जाते. कॅप्टन मुलांनाच मोजायला लावत: मधल्या रेषेपासून सहावा, तो कायमचा. त्याच्यावरच्या खोल खाचांत अन्न अडकतं, आणि ब्रश तिथवर पोचतच नाही.

त्यांनी लिहून दिलेली एक चिठ्ठी कार्यालयात प्रथमोपचार पेटीच्या झाकणात चिकटवलेली होती. कबड्डीत पुढचा दात मुळासकट निघाला, तर वरच्या पांढऱ्या भागाला धरा. मूळ घासू नका, माती असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा. जमलं तर लगेच जागेवर बसवून रुमाल चावायला द्या, नाहीतर दुधात घालून अर्ध्या तासाच्या आत दवाखान्यात आणा. खाली लाल शाईत: दुधाचा दात असेल तर परत बसवू नका, खालच्या नव्या दाताला इजा होते.