१५ पानांत बसवलेला पाऊस

आयबी या आंतरराष्ट्रीय शिक्षणक्रमाच्या एमवायपीत, म्हणजे माध्यमिक टप्प्याच्या 'मिडल इयर्स प्रोग्रॅम'मध्ये, शेवटच्या वर्षी, म्हणजे दहावीत, प्रत्येकाला एक स्वतंत्र पर्सनल प्रोजेक्ट करावा लागतो. विषय आपला, वेळापत्रक आपलं. मी दोन लिटरच्या बाटलीचा पर्जन्यमापक केला आणि कोथरूडमधल्या आमच्या गच्चीवर जुलै ते सप्टेंबर पाऊस मोजला. ते काम मजेत झालं. रिपोर्टने मात्र दमवलं.

दिवाळीच्या सुट्टीत २२ पानं लिहून काढली. बाटली कशी कापली, तोंडाकडचा भाग नरसाळ्यासारखा उलटा कसा बसवला, तळ खडबडीत म्हणून खडे घालून शून्याच्या रेघेपर्यंत पाणी कसं भरलं, सगळं फोटोंसकट. मॅडमनी दोन पानं वाचली. "अगं, हे यूट्यूबवर पण मिळेल. तू काय शिकलीस ते कुठल्या पानावर आहे?"

कुठल्याच नव्हतं.

एकूण गुण २४. नियोजन, कौशल्यांचा वापर आणि शेवटी स्वतःच्या कामाचं मूल्यमापन, प्रत्येकी ८. बाटलीला वेगळे गुण नाहीतच. हे आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष कात्रीकडे होतं.

मग प्रोजेक्टची वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. जुलैत माझे आकडे सिमला ऑफिसच्या, म्हणजे शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या, आकड्यांशी जुळत नव्हते. एका पानावर 'बाटली गळते का???' असं लिहून मी एम-सील थापलं होतं. बाटली गळत नव्हती. मी स्कूलबसच्या आधी, पावणेसातला मोजायचे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. मधल्या पावणेदोन तासांतला पाऊस त्यांच्या आजमध्ये जायचा आणि माझ्या उद्यामध्ये. हे ऑगस्टमध्ये कळलं, तेव्हा साडेआठची मोजणी आजोबांकडे दिली. ते आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिहायचे, शेजारी 'वारा फार' असा शेराही.

हे सगळं मी पहिल्या मसुद्यातून चक्क गाळलं होतं. चूक कशाला दाखवायची? पण कौशल्यांच्या भागाला पुरावा लागतो, आणि माझ्याकडचा सगळ्यात चांगला पुरावा तीन प्रश्नचिन्हांचं ते पानच होतं. ते लावलं. कालनिर्णयचा फोटोही लावला, खाली इंग्रजीत अर्थ देऊन.

मूल्यमापनात आणखी एक लचांड निघालं. यशाचा निकष मी ठरवला होता: वेधशाळेच्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त फरक नको. पण डेक्कनला धो धो आणि कोथरूडला कोरडं, हे पुण्यात कुणालाही माहीत असतं. बाटली अचूक असूनही नापास झाली असती. निकषच चुकला होता, असं सरळ लिहिलं आणि शेजारी दुसरी तशीच बाटली ठेवून ताडून बघायला हवं होतं, हेही.

राहिली कापाकापी. रिपोर्टला मर्यादा १५ पानांची आणि अक्षर ११ पॉइंटपेक्षा लहान चालत नाही. मी १० करून पाहिलं, मॅडमच्या नजरेतून सुटलं नाही. बाटली कापण्याची चार पानं अखेर चार ओळी आणि एका फोटोवर आली. तेवढं मात्र जिवावर आलं.

रिपोर्ट देऊन झाला तरी बाटली गच्चीवरून काढलेली नाही. परवा अवकाळी पाऊस आला, तर आजोबा घड्याळाकडे बघत साडेआठ वाजायची वाट पाहत बसले होते.