मित्राचा मदरबोर्ड

कोपरखैरण्याला राहणाऱ्या माझ्या मित्राने नवा संगणक जुळवायला घेतला, तेव्हा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड त्याने परस्पर ठरवून टाकले आणि ‘हे सगळे ज्यावर जोडायचे तो मदरबोर्ड तेवढा तू बघ’ असे सांगून उरलेली जोखीम माझ्या गळ्यात घातली. लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग हा त्याचा व्यवसाय असल्यामुळे लग्नसराईत त्याचा संगणक रात्र रात्र चालू असतो. प्रोसेसरचा वेग आकड्यांत मोजता येतो. मदरबोर्ड भरवशाचा होता हे मात्र तो चार-पाच वर्षे निमूटपणे चालल्यावरच कळते, आणि तोवर तो कोणी सुचवला होता हे कोणाच्या लक्षात राहत नाही. तो बिघडला तर मात्र पहिला फोन मलाच येणार, हे ठरलेले.

माझ्या धास्तीला कारण आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नौपाड्यातल्या आमच्या घरचा संगणक चालता चालता बंद पडू लागला. दुरुस्तीवाल्याने आधी रॅम बदलायला लावली, मग पॉवर सप्लाय. शेवटी मीच कॅबिनेटची बाजू उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा प्रोसेसरशेजारच्या कपॅसिटरांची, म्हणजे वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या नळकांड्यांची, फुलीसारखी खाच असलेली डोकी टम्म फुगली होती आणि एकाच्या कडेला तपकिरी ओघळ वाळून बसला होता. इलेक्ट्रोलाइट, म्हणजे त्यांच्यातला द्रव, सदोष असल्यामुळे आतल्या आत वायू साठून कपॅसिटर फुगण्याचा तो रोग त्या काळात जगभर पसरला होता, हे मला फार नंतर समजले. आता घन पॉलिमरचे कपॅसिटर सर्रास वापरतात आणि त्यांत गळण्यासारखा द्रवच नसतो. तरीही कोणताही बोर्ड हातात आला की माझी नजर आधी त्याच कोपऱ्यात जाते.

खरी परीक्षाही तिथेच असते. पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला तसेच चालत नाहीत. त्याला साधारण सव्वा व्होल्ट लागतो. म्हणजे प्रोसेसर १२५ वॅट खात असेल, तर एवढ्याशा जागेतून जवळजवळ १०० अँपिअर विद्युतप्रवाह जायला हवा. हे रूपांतर करणारा भाग, ज्याला व्हीआरएम म्हणतात, हलका असेल तर तो तापतो आणि रात्री दोन वाजता, रेंडरिंग, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याचे काम, ऐन रंगात असताना, प्रोसेसरचा वेग खाली येतो. म्हणून त्या भागावर उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक आहे की रंगवलेला पत्रा, हे मी पाहतो. मित्र पाहत होता ते रंगीत दिवे.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर (हे नाव घेऊन तिथे पत्ता विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही), दुकानदारानेही दिवेवालाच बोर्ड पुढे केला. आम्ही त्याच किमतीचा, दिसायला अगदी रुक्ष असा बी-६५० चिपसेटचा (म्हणजे बोर्डावरचे बाकीचे भाग प्रोसेसरशी जोडणाऱ्या चिपचा) बोर्ड घेतला. प्रोसेसर ज्यात बसतो त्या, २०२२ मध्ये आलेल्या एएम-५ सॉकेटला निदान २०२७ पर्यंत साथ देण्याचे प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी कंपनीने जाहीर केलेले असल्यामुळे उद्या प्रोसेसर बदलला तरी बोर्ड बदलावा लागू नये, हा हिशेब होताच. शिवाय मागच्या बाजूला प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारी बोर्डातली प्रणाली, अपडेट करायचे बटण होते. वर्षभर गोदामात पडून राहिलेल्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता आला नाही, तर हेच बटण कामी येते.

घरी जुळवणी करताना मित्राने सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकण काढून केराच्या डब्याकडे भिरकावले. या सॉकेटच्या १७१८ पिना प्रोसेसरवर नसून बोर्डावर असतात, त्यातली एक वाकली तरी वॉरंटीवर पाणी सोडावे लागते आणि बोर्ड परत पाठवताना हे झाकण बसवलेले असावे लागते, असे मी त्याला सांगितले. त्याने ते मुकाट्याने उचलून आणले. मी ते बिलासोबत खोक्यात घातले आणि खोके माळ्यावर ठेवण्यासाठी त्याच्याकडे स्टूल मागितले.