‘दोन सेकंद कमी कर’ आणि डावा हात

तालमीत दिग्दर्शक शेजारी खुर्ची ओढून बसलेला असतो. पडदा उघडतानाचं संगीत वाजतंय आणि नटी सोफ्यापाशी पोचून उभीच आहे. “दोन सेकंद कमी कर रे.” संगणकावर संगीत जोडताना कीबोर्डचे शॉर्टकट न वापरणाऱ्या माउसवाल्याचं इथे काय होतं? तो प्रत्येक ट्रॅक (वाद्याची किंवा आवाजाची वेगळी पट्टी) वेगळा कापतो, मागचे तुकडे ओढून पुढच्याला चिकटवतो, त्यात तानपुरा राहून जातो, मग पुन्हा अनडू. तोवर तालीम चहाला सुटलेली असते.

एबलटन लाइव्ह या संगीत बसवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम असं होतं. टेम्पो मिनिटाला 120 मात्रा आणि चार मात्रांचा बार असेल, तर एक बार बरोबर दोन सेकंदांचा. अरेंजमेंटमध्ये, म्हणजे ट्रॅक वेळेनुसार मांडलेल्या पडद्यावर, तो एक बार निवडायचा आणि कंट्रोल + शिफ्ट + डिलीट. तेवढा वेळच सगळ्या ट्रॅकमधून निघून जातो आणि मागचं सगळं पुढे सरकतं. सगळ्या ट्रॅकमधून म्हणजे खरोखर सगळ्या. त्याच फाइलमध्ये पुढे दुसऱ्या अंकाचं संगीत मिनिटं मोजून लावलेलं असेल, तर तेही दोन सेकंद अलीकडे येतं. वेळ वाढवायची असेल तर कंट्रोल + आय. किती वेळाची शांतता घालायची ते विचारलं जातं. गडकरी रंगायतनला प्रयोग असो की वाशीच्या भावे नाट्यगृहात, आदल्या रात्रीपर्यंत ही कात्री चालू राहतेच.

शॉर्टकट शिकायचे म्हणजे इंटरनेटवरचा रंगीत तक्ता छापून भिंतीवर चिकटवायचा, अशी समजूत आहे. तो तक्ता पंधरा दिवसांत वॉलपेपर होतो. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये शेकड्यांनी कमांड असतात, पण रोजच्या हातातल्या बारा-पंधराच, आणि त्या प्रत्येकाच्या कामानुसार वेगळ्या. आरत्या रेकॉर्ड करणाऱ्याला टेक (एकेका वेळचं गाणं) कापायचे आणि जोडायचे असतात, नवरात्रीचे रीमिक्स करणाऱ्याला लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) दुप्पट करायचे असतात, पॉडकास्टवाल्याला श्वास आणि ‘अं’ काढायचे असतात. म्हणून एक दिवस कीबोर्डशेजारी कागद ठेवा. मेन्यूत किंवा टूलबारवर माउस नेला की त्या कामापुढे एक रेघ. संध्याकाळी ज्या पाच कामांपुढे सर्वांत जास्त रेघा असतील, तेवढेच पाच शॉर्टकट त्या आठवड्याचे. सहावा नको. मेन्यूत कमांडच्या उजवीकडे तिचा शॉर्टकट लिहिलेला असतो, त्यामुळे शोधाशोधही फारशी नाही.

हात कुठे ठेवायचा हे कुणी सांगत नाही. उजवा माउसवर, डावा कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात: करंगळी कंट्रोलवर, अंगठा स्पेसवर, बाकीची बोटं ए, एस, डी, एफच्या आसपास. डाव्या हाताला न बघता पोचता येईल तेच बटण रोजच्या कामाला. पी किंवा एलवर ठेवलेला शॉर्टकट माउस सोडायला लावतो, म्हणजे निम्मा फायदा तिथेच गेला. आणि हो, चहाचा ग्लास उजवीकडे.

रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण त्यातलं जवळजवळ प्रत्येक बटण बदलता येतं आणि 60 दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून बघता येतं. विंडोजवर त्याची पहिली पाच बटणं: कंट्रोल + टी नवा ट्रॅक, एस कर्सरपाशी कट, कंट्रोल + डी तुकड्याची नक्कल, एम मार्कर, कंट्रोल + आर रेकॉर्ड. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. यातलं शेवटचं जपून, कारण नुसतं आर दाबलं तर रेकॉर्डिंग नाही, लूप चालू होतो. गायक अख्खा अंतरा मनापासून गातो आणि हाती काही लागत नाही. लाल बटण पेटलेलं बघूनच गायकाला खूण करा.

ढोलकी कापणाऱ्यांसाठी टॅब हे रीपरमधलं सर्वांत मोलाचं बटण. तुकडा निवडलेला ठेवून टॅब दाबलं की कर्सर पुढच्या ठोक्यावर उडी मारतो. टॅब, एस, टॅब, एस करत एका मिनिटात दोन आवर्तनांच्या थापा सुट्या होतात. गोची अशी की कट थापेच्या अगदी तोंडावर पडला तर तिची धार बोथट होते. अशा वेळी एसच्या आधी डावा बाण एकदा दाबा. बाण कर्सर एक पिक्सेल मागे नेतो, मिलिसेकंदात मोजून नाही. म्हणजे गाणं पूर्ण दिसेल इतकं झूम बाहेर असेल तर तोच एक पिक्सेल फार मोठा पडतो आणि आधीच्या थापेची शेपटी कापली जाते. आधी झूम करा, मग बाण. पेटीवर आणि कोरसवर टॅबचा उपयोग नाही, तिथे स्वर हळूच उगवतो आणि सॉफ्टवेअरला ठोका सापडत नाही.

एका सॉफ्टवेअरची सवय दुसऱ्यात नेली की घात होतो. क्यूबेस, लॉजिक आणि लाइव्हमध्ये एस म्हणजे सोलो. तिथून रीपरमध्ये आलेला माणूस ढोलकी एकटी ऐकायला एस दाबतो आणि कट मारतो. कट ऐकू येत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. दोन तासांनी तुकडा सरकवताना गाणं मधूनच फाटलेलं दिसतं. कंट्रोल + टीचं तसंच: रीपर आणि लाइव्हमध्ये नवा ट्रॅक, एफएल स्टुडिओत कीबोर्डची पेटी, म्हणजे अक्षरांच्या बटणांनी स्वर वाजवणं, चालू किंवा बंद. नक्कल करायला रीपर, लाइव्ह आणि क्यूबेसमध्ये कंट्रोल + डी, एफएलमध्ये कंट्रोल + बी. तिथे कंट्रोल + डीने निवड सुटते. एफएलमध्ये कंट्रोल + एनने नवं गाणं उघडत नाही, चालू गाण्याची पुढच्या क्रमांकाची प्रत सेव्ह होते. सवय मात्र उत्तम. मंडळाचे कार्यकर्ते ‘कालचंच बरं होतं’ म्हणतात तेव्हा कालचं हाताशी असतं.

लाइव्हमध्ये कोळीगीत किंवा दादऱ्यातलं काही बसवताना नेहमीची ग्रिड (मात्रांच्या उभ्या रेघांची जाळी) अंगावर येते. ठोके तीन-तीनच्या गटात चालतात आणि ग्रिड चारच्या भाषेत बोलते. कंट्रोल + 3 दाबलं की ग्रिड तिप्पटीत जाते, पुन्हा दाबलं की परत. कंट्रोल + 1ने घरं बारीक, कंट्रोल + 2ने मोठी, कंट्रोल + 4ने ग्रिडला चिकटणं बंद. ढोलकीवाल्याने मुद्दाम सैल ठेवलेली थाप सरळ करायची नसेल तेव्हा हे शेवटचं बटण हवं. कंट्रोल + यू म्हणजे क्वांटाइझ. निवडलेले सगळे स्वर ग्रिडवर येतात आणि लयीतला डुल जातो. आधी कंट्रोल + शिफ्ट + यूने सेटिंग उघडून प्रमाण 100 टक्क्यांवरून 50-60वर आणा.

आता खरं दुखणं: शॉर्टकट पाठ आहेत, पण चालत नाहीत.

पहिला संशय प्लगइनच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये जोडलेल्या इफेक्टच्या किंवा वाद्याच्या, खिडकीवर. रिव्हर्बची (घुमाऱ्याच्या इफेक्टची) खिडकी उघडी आहे, शेवटचा क्लिक तिच्यात झालाय, तर स्पेस दाबल्यावर गाणं वाजेलच असं नाही. बटण प्लगइनकडे जातं. ट्रॅकच्या भागात रिकाम्या जागी एक क्लिक करा. रीपरमध्ये इफेक्टच्या खिडकीच्या मेन्यूत सगळी बटणं प्लगइनला पाठवण्याचा पर्याय असतो, तो चुकून चालू तर नाही ना बघा. दुसरा संशय कीबोर्डच्या पेटीवर. लाइव्हमध्ये एम दाबलं की अक्षरांच्या बटणांतून स्वर निघायला लागतात आणि ए, एस, झेड, एक्स हे शॉर्टकट गप्प होतात. त्याच पेटीवर तीन-चार स्वरांची कॉर्ड धरली आणि एक स्वर वाजलाच नाही, तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. स्वस्त कीबोर्डला काही बटणं एकत्र दाबलेली कळतच नाहीत.

तिसरं कारण खास आपलं. गाण्याचे शब्द त्याच मशीनवर मराठीत टाइप केलेले असतात आणि कीबोर्ड मराठीवरच राहिलेला असतो. काही सॉफ्टवेअर बटणाचा क्रमांक बघतात, त्यांना फरक पडत नाही. काही उमटणारं अक्षर बघतात, तिथे एकेरी अक्षरांचे शॉर्टकट बंद पडतात. टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात मराठी दिसतंय का बघा, विंडोज + स्पेसने बदला. वैताग असा की विंडोजवर डावं ऑल्ट + शिफ्ट दाबूनही भाषा बदलते, आणि ऑल्ट-शिफ्टचे शॉर्टकट तर आपण दिवसभर दाबत असतो. विंडोजच्या शोधपट्टीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ लिहा. तिथे प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळी भाषा ठेवण्याच्या चौकोनात खूण केली की वर्डमध्ये मराठी आणि गाण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी सुखाने नांदतात. भाषाबदलाचं ऑल्ट + शिफ्टही त्याच पानावरच्या दुव्यातून काढून टाकता येतं.

शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबल्यावर येणारी स्टिकी कीजची चौकट तिथल्या तिथे कायमची बंद करा, नाहीतर ती नेमकी टेक चालू असताना येते. एफएलवाल्यांचं अर्धं आयुष्य एफ5 प्लेलिस्ट, एफ6 चॅनेल रॅक, एफ7 पियानो रोल, एफ9 मिक्सर यांत जातं, आणि लॅपटॉपवर त्याच बटणांनी आवाज किंवा उजेड कमी-जास्त होतो. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन + एस्केपने हे उलटवता येतं. मॅकवर प्रो टूल्स चालवणाऱ्यांनी कमांड + स्पेसचं स्पॉटलाइट (मॅकची शोधपट्टी) आधी काढावं, कारण प्रो टूल्समध्ये तेच रेकॉर्डचं बटण आहे.

क्यूबेसची तर सगळी गाडी नमपॅडवर, कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांवर: एंटर प्ले, 0 थांबा, स्टार रेकॉर्ड, तिरकी रेघ सायकल म्हणजे लूप, 1 आणि 2 डावा-उजवा लोकेटर म्हणजे लूपची दोन टोकं. लहान लॅपटॉपवर नमपॅडच नसतो. की कमांड्सच्या खिडकीत ही कामं दुसऱ्या बटणांवर नेता येतात, पण मग दुसऱ्याच्या स्टुडिओत हात आंधळा होतो. त्यापेक्षा यूएसबीचा सुटा नमपॅड घ्या. त्यासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचं असेल तर ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. घेताना नम लॉकचं बटण आहे ना, ते बघा.

नाटकाला लाइव्हवरून क्यू (ठरल्या क्षणी वाजवायचे आवाज) सोडणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. कंट्रोल + के दाबा, सेशन व्ह्यूमधल्या (सुटे आवाज चौकटींत मांडलेल्या पडद्यावरच्या) क्लिपवर क्लिक करा, 1 दाबा, पुढच्या क्लिपला 2, शेवटी पुन्हा कंट्रोल + के. आकड्यांवर क्यू लागले. तालमीत पहिला क्यू बरोबर वाजतो आणि दुसऱ्यापासून दारावरची थाप उशिरा पडते. कारण लाइव्ह थांबलेलं असताना पहिली क्लिप लगेच सुटते. एकदा घड्याळ चालू झालं की पुढची क्लिप बार पूरा होईपर्यंत थांबते. टेम्पो 120 असेल तर हा उशीर दोन सेकंदांपर्यंत जातो. कंट्रोल + 0 दाबा, थांबणं बंद. कंट्रोल + 9ने पुन्हा एका बारावर. आवाजांच्या क्लिपमध्ये वॉर्पही (आवाज टेम्पोप्रमाणे ताणणं) बंद ठेवा, नाहीतर टेम्पो हलला की पावसाचा वेगही हलतो.

रीपरमध्ये प्रश्नचिन्ह दाबलं की अ‍ॅक्शन लिस्ट, म्हणजे सगळ्या कमांडची यादी, उघडते, आणि खरी मजा तिथे आहे. शोधात ‘ट्रिम लेफ्ट एज’ लिहा: तुकड्याचा डावा काठ कर्सरपर्यंत आणणारी कमांड मिळेल. ‘ट्रिम राइट एज’ तिची बहीण. दोघींना डाव्या हाताखालची दोन बटणं द्या. बटण आधीच कुणाचं असेल तर रीपर तसं सांगतं. वाचल्याशिवाय होकार देऊ नका. गायकाचा श्वास दबवायला कस्टम अ‍ॅक्शन, म्हणजे अनेक कमांडची एकच कमांड, बनवा: आधी निवडलेल्या वेळेवर दोन्हीकडे कट, जो नुसता करायचा तर शिफ्ट + एस, मग ‘नज आयटम्स व्हॉल्यूम -1 डीबी’ ही कमांड सहा वेळा. म्हणजे एका बटणात श्वास 6 डेसिबलने खाली. अनडू एकत्र करण्याच्या चौकोनात खूण हवी, नाहीतर चूक उलटवायला सात वेळा कंट्रोल + झेड. पहिल्या दोन-चार वेळी कटानंतर मधलाच तुकडा निवडलेला राहतोय ना ते पाहा, नाहीतर शब्दच दबायचा. आणि श्वास पार पुसू नका, अभंग गाणारा माणूस आहे हे ऐकू यायला हवं.

मिक्सिंगला मात्र ही घाई नेऊ नये. फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) किती खाली हवा हे कानाने ठरतं, तिथे बटणाने काही वाचत नाही. वेग हवा तो कापण्यात, जोडण्यात, शोधण्यात, नावं देण्यात.

इतकं बसवलेलं सगळं मशीन फॉरमॅट केल्यावर जातं. रीपरच्या अ‍ॅक्शन लिस्टमधल्या की-मॅपच्या (शॉर्टकटच्या मांडणीच्या) बटणाखाली एक्स्पोर्टचा पर्याय आहे. तयार झालेली छोटी फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. दुसऱ्याच्या स्टुडिओत ती चढवण्याआधी त्याच्या मांडणीची फाइल काढून घ्या, आणि निघताना ती परत लावा. बाहेरून घेतलेल्या स्क्रिप्ट वापरत असाल तर की-मॅपच्या फाइलमध्ये त्यांचा फक्त पत्ता जातो, स्क्रिप्ट जात नाहीत. स्क्रिप्टचं फोल्डर वेगळं कॉपी करा.