ओटी भरायला मावशी का नाही?

आज मामेबहिणीचं डोहाळजेवण होतं. पुरण वाटण्यापासून पोळ्या लाटण्यापर्यंत सगळं मोठ्या मावशीने केलं, पण ओटीची वेळ आली तशी ताटात तांदूळ, नारळ, ब्लाऊजपीस नीट लावून देऊन ती गुपचूप किचनमध्ये निघून गेली, काका नाहीत ना आता म्हणून. तिला कुणी जा म्हटलं नाही, पण थांब पण म्हटलं नाही. फार राग आला मला. वर लोक म्हणणार बायकाच बायकांच्या शत्रू, अरे पण हे नियम आले कुठून? बायको गेलेल्या पुरुषाला कुठल्या कार्यात मागे उभं करतात का कोणी?

१८८१ मध्ये सुरतेच्या एका तरुण विधवेला बालहत्येच्या केसमध्ये फाशीची शिक्षा झाली (नंतर कमी केली) आणि पेपरात सगळ्याच बायकांना नावं ठेवणं सुरू झालं, त्यावर चिडून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना हेच सवाल केले होते. आणि कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला तो थेट २०२२ मध्ये, म्हणजे मधे किती पिढ्या गेल्या बघा.

बारशाला पहिली ओटी मोठी मावशीच भरणार, आईला आत्ताच सांगून ठेवलंय.