अवशेषांपासून धावपट्टीकडे : सेंत-एक्झ्युपेरीच्या शेवटच्या उड्डाणामागे

माझं गाव निफाड तालुक्यात. ओझरची विमानं रोज डोक्यावरून जातात, कुणी मान वर करून बघतही नाही. पण ४ जून २०२४ला शिरसगावच्या शिवारात सुखोई पडलं, तेव्हा लोक लोकसभेचे निकाल टीव्हीवर तसेच सोडून धावले. मीही गेलो, खोटं कशाला बोलू? दोन्ही वैमानिक सुखरूप बाहेर पडले होते. आम्हाला पोलिसांनी लांबच अडवलं. येताना डोक्यात एकच, आपण नेमकं काय बघायला गेलो होतो?

तीच खोड घेऊन फ्रान्सला गेलो. भाचा मार्सेयला शिकतो, तो म्हणाला, "मामा, लूव्र बघ, आयफेल बघ, ते पडक्या विमानाचं खूळ कशाला?" पण मला एकच विमान बघायचं होतं. लहान राजपुत्राची गोष्ट लिहिणारा फ्रेंच लेखक-वैमानिक आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी ३१ जुलै १९४४ला कॉर्सिका बेटावरच्या बोर्गो तळावरून ज्या पी-३८ लाइटनिंगमधून उडाला आणि परत आला नाही, ते. आमच्या सोयीने प्रवास उलटा झाला. आधी अवशेष, मग समुद्र, शेवटी धावपट्टी. तुम्हीही असाच करा, गोष्ट जास्त कळते.

पॅरिसच्या उत्तरेला ल बुर्जे विमानतळावर हवाई संग्रहालय आहे. आरईआर बी गाडीने ल बुर्जे स्टेशन, तिथून १५२ नंबरची बस थेट दारात सोडते. सोमवारी बंद. लोक कॉनकॉर्ड विमानात शिरायला गर्दी करतात, त्यामुळे लाइटनिंगच्या तुकड्यांपाशी आम्ही दोघंच. समुद्राने खाल्लेलं ॲल्युमिनियम, चाकाचा दांडा, कडा चुरगळलेले पत्रे. भंगाराच्या दुकानात असतं तर कुणी किलोवर घेतलं असतं. हे विमान सापडलं कसं, ती गोष्ट मात्र ऐकण्यासारखी.

सप्टेंबर १९९८मध्ये झां-क्लोद ब्यांको या मार्सेयच्या मच्छीमाराच्या ट्रॉलरवर, जाळ्यातल्या घाणीत खलाशाला एक काळपट गोळा मिळाला. खरवडला तर मनगटातली चांदीची साखळी. त्यावर आंत्वान, त्याची बायको कोन्सुएलो आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचं नाव. तज्ज्ञ म्हणाले खोटी असणार, ब्यांकोवर लबाडीचे शिंतोडेही उडाले. मग २०००मध्ये ल्युक व्हानरेल या पाणबुड्याने रिउ बेटाच्या पूर्वेला लाइटनिंगचे तुकडे असल्याचं कळवलं. २००३मध्ये काही तुकडे वर काढले. टर्बोच्या भागावर कारखान्यात ठोकलेला एक आकडा होता, २७३४ एल. तो विमान बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीच्या नोंदींशी जुळला आणि एप्रिल २००४मध्ये गाठ सुटली. साठ वर्षं त्याच्याबद्दल लिहिलं गेलं, पण ओळख पटली ती एका कामगाराने ठोकलेल्या आकड्याने.

वेळ असेल तर पॅरिसमध्येच पांतेओं या थोरांच्या स्मारकाला जा. आतल्या एका खांबावर त्याचं नाव कोरलंय.

आता मार्सेय. रिउ बेट निर्मनुष्य आहे, संरक्षित क्षेत्रात येतं, तिथे मनात येईल तसं उतरता येत नाही. आम्ही बेटांभोवती फेरी मारणाऱ्या बोटीचे पैसे आधीच भरले होते. पण मिस्ट्राल नावाचा उत्तरेचा वारा सुटला आणि फेरी रद्द. तो वारा सुटला की छत्री, टोपी, बेत, काहीच हाती राहत नाही. पैसे परत मिळायला चार ईमेल आणि दीड महिना लागला, म्हणून सांगतो, बोटीचं तिकीट आदल्या दिवशी हवामान बघूनच काढा.

आमचं नशीब, पायवाट होती. रों-प्वां दु प्रादोहून १९ नंबरची बस मद्राग द मोंरदोंपर्यंत, तिथून २० नंबर कॅललोंगपर्यंत. तिथून मार्सेयवेरच्या खाडीपर्यंत तासभर चाल. चुनखडीचा पांढरा दगड, हजारो पावलांनी घासून काचेसारखा गुळगुळीत, साध्या चपलेत जाल तर पाय मुरगळलाच समजा. सावली नाही, वाटेत पाण्याचा नळ नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्या. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने डोंगर बंद ठेवतात, आदल्या संध्याकाळी नकाशा जाहीर होतो तो बघूनच निघा.

एका वळणावर बेटं समोर आली. जवळ माइर, मग जार, प्लान, आणि मागे १९० मीटर उंचीचं रिउ, सुळक्यांचं, करडं. भाचा म्हणाला, "मामा, इथे बघण्यासारखं काहीच नाहीये." खरंच नव्हतं. पाणी होतं, त्यावर वाऱ्याचे पांढरे ओरखडे. खाली सत्तर-ऐंशी मीटरवर उरलेलं विमान. तिथंच जवळ एका जर्मन मेसरश्मिट विमानाचं इंजिनही सापडलं, वेगळ्याच दिवशी पडलेलं.

पाण्याखालचं विमान बघायचंच असेल तर जवळच ला स्योताला दुसरं पी-३८ आहे, साधारण चाळीस मीटरवर. तिथे पाणबुडे जातात, पण तेवढ्या खोलीचा परवाना आणि सराव असलेलेच. गोव्यात एकदा डुबकी मारली एवढ्या भांडवलावर विचारूही नका. आणि कुठल्याही अवशेषाचा तुकडा उचलणं गुन्हा आहे.

शाकाहारी मंडळींसाठी : मार्सेयला पानिस मिळतं. हरभऱ्याच्या पिठाचं घट्ट पिठलं थापून, कापून तळलेलं. आपली पाटवडीच, फोडणीशिवाय. खिशात तिखटाची पुडी ठेवा.

मार्सेयच्या ला जोलियेत धक्क्यावरून संध्याकाळची बोट सकाळी कॉर्सिकातल्या बास्तियाला पोचते. केबिन घ्या, खुर्चीचं तिकीट स्वस्त असतं पण रात्रभर वातानुकूलन हाडात शिरतं. आणि जेवायला घाई करू नका, आधी डेकवर डाव्या बाजूला उभे राहा. मावळतीच्या उन्हात रिउ हळूहळू मागे जातं. पायवाटेवरून जे जाणवलं नाही ते इथे जाणवलं. तो याच समुद्रावरून घरी येत होता आणि घर अजून रात्रभराच्या अंतरावर होतं.

का पडला, यावर कॉर्सिकात प्रत्येकाचं मत आहे. वय ४४, त्या विमानाच्या मानाने म्हातारा. जुन्या अपघातांनी शरीर इतकं खिळखिळं की उड्डाणाचा पोशाख दुसऱ्याने चढवावा लागे. १९४३मध्ये ट्युनिशियात उतरताना विमान धावपट्टीबाहेर गेलं आणि त्याला आठ महिने जमिनीवर बसवलं. ४४व्या वाढदिवशीच आल्प्सवर एक इंजिन बंद पडलं. त्याचं विमान टेहळणीचं, बंदुका काढून कॅमेरे बसवलेलं. २००८मध्ये होर्स्ट रिपर्ट या जर्मन वैमानिकाने 'मीच पाडलं' असं सांगितलं. मला ते पटत नाही. त्या दाव्याला त्या काळच्या नोंदींचा आधार नाही, आणि साठ वर्षांनी आठवलेला पराक्रम आपल्या गावातही ऐकतोच की. वर काढलेल्या तुकड्यांवर गोळीचं भोक नाही, पण वर आलंय तेच मुळात थोडं. ऑक्सिजन, इंजिन, गोळी, काहीही असू शकतं.

बास्तियाहून मीटरगेजची छोटी गाडी बोर्गोला जाते, पण तळ होता तिथे आता बास्तिया-पोरेत्ता विमानतळ आहे, शहरातून त्याची बस पकडणं सोपं. कुंपणापाशी कॅमेरा घेऊन रेंगाळू नका. दक्षिणेला सोलेन्झाराचा हवाई तळ तर आजही चालू आहे, तिथे गाडी थांबवून फोटो काढण्याचा मोह आवरा. वेळ असेल तर उत्तरेला एर्बालुंगा गाव बघा. तुकडीचा मुक्काम तिकडे होता.

आम्ही सकाळी पावणेनऊच्या सुमारास विमानतळाबाहेर उभे होतो, मुद्दाम. तोही साधारण त्याच वेळी उडाला होता, ग्रनोबलच्या बाजूचे फोटो काढायला, दोस्त राष्ट्रांच्या दक्षिण फ्रान्सवरच्या चढाईला पंधरा दिवस उरले असताना. जवळच्या सरोवराकडून कुबट, खारट वास येत होता. एक पांढरं प्रवासी विमान समुद्राकडे उडालं, वळलं, दिसेनासं झालं.

"त्यांना कधी कळलं, तो येत नाही म्हणून?" भाच्याने विचारलं. त्याचा हा पहिला प्रश्न.

दुपारी अडीचला, मी सांगितलं. तेवढंच इंधन होतं.

परतीच्या बसला दीड तास होता. पार्किंगच्या कडेला एका झाडाखाली बसून उरलेल्या दशम्या संपवल्या.